डब्यातली शेवटची चिठ्ठी

छावणी, औरंगाबाद
४ जानेवारी १९८७

चि. जयवंत,

सलाम. तू मला लिहीत नाहीस, तबिथाला लिहितोस. हरकत नाही. तिच्या पत्रात शेवटी "आत्याला विचार" म्हणून जे विचारतोस, त्याचे उत्तर मीच देते, कारण तुझी मुलगी दोन ओळींपलीकडे लिहीत नाही.

तिचे इंजेक्शन २६ डिसेंबरला झाले. पुढचे १६ जानेवारीला. तिला सांधेताप झाला तेव्हा डॉक्टर वहाब म्हणाले होते की तो ताप पुन्हा आला तर हृदयाची झडप जाईल, म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन. हे मला पाठ आहे. मस्कतहून आठवण करून द्यायला नको.

अडचण वेगळी आहे. नोव्हेंबरात दवाखान्यात तिच्या आधीच्या बाईला तेच इंजेक्शन दिले आणि ती बाई तिथेच कोसळली. वाचली. पण तबिथाने तिचे पांढरे झालेले डोळे पाहिले. तेव्हापासून सुई म्हटले की हिचे हातपाय गार पडतात. डिसेंबरात दोघींनी धरले तेव्हा कुठे टोचता आले. पंधरा वर्षांची घोडी, आणि बाहेर लोक बघत होते.

यावर मी माझ्या परीने उपाय केला आहे. यंदा दृढीकरणाच्या वर्गात माझ्याकडे नऊ मुले आहेत, त्यात तबिथा. १२ एप्रिलला बिशपसाहेब येऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवतील, मग ती प्रभुभोजनाला बसतील. या वर्षी मी एकच विषय घेतला: देव आपल्याला राखतो. आजची मुले परीक्षेला भितात, अंधाराला भितात, एकमेकांच्या हसण्याला भितात. त्यांना कणा हवा.

नव्या वर्षाच्या सकाळी नेहमीसारखी वचने काढली. बिस्किटाच्या डब्यात नऊ चिठ्ठ्या, प्रत्येकीत शास्त्रातले एक वचन. ज्याला जे येईल ते त्याचे वर्षभराचे. तबिथा शेवटी आली. तिला आले ते राखण्याचे वचन, पंखाखाली झाकण्याचे, रोगाला दाराशी न येऊ देण्याचे. वाचताना तिचा आवाज कापत होता. घरी येऊन चिठ्ठी तिने आरशाच्या कोपऱ्यात खोचली.

तू हसशील. तबिथाच्या आईच्या, मालनच्या मातीला, कबरीपाशी मी तुला म्हणाले होते, रडू नकोस, देवाने काही ठरवूनच तिला नेले असेल. तू सगळ्यांसमोर म्हणालास, "आक्का, तुझा देव तुझ्यापाशी ठेव." सहा वर्षे झाली. मी ठेवला आहे. पण तुझी मुलगी माझ्या घरात वाढते. तिलाही तो मिळावा, इतकेच.

तुझी,
आक्का

२२ जानेवारी १९८७

चि. जयवंत,

तुझे कार्ड मिळाले. सहा वर्षांत पहिल्यांदा पत्त्यावर माझे नाव. आत एकच ओळ: "सोळा तारीख चुकवू नकोस, ती घाबरते असं तिनं लिहिलंय."

ती आता घाबरत नाही. गेल्या रविवारी उपासनेत तिने उभे राहून देवाच्या अनुभवाची साक्ष दिली. तीन मिनिटे बोलली, कागद न बघता. जी मुलगी वर्गात हजेरी द्यायला लाजते, ती! करमाडहून आवडाबाई आली होती, तिने पदर डोळ्यांना लावला. साळवे पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, "हे उजागरेबाईंच्या वर्गाचं फळ आहे." बाहेर निघताना चार जणींनी आपापल्या मुलींना पुढच्या वर्षी माझ्याकडे पाठवायचे ठरवले.

तारखांची काळजी माझ्यावर सोड. तबिथाची प्रकृती उत्तम आहे. वजन दीड किलो वाढले.

तुझी,
आक्का

१४ फेब्रुवारी १९८७

चि. जयवंत,

"झालं की नाही, एवढंच कळव." ही काय विचारण्याची पद्धत झाली? मला बी. ए. होऊन बत्तीस वर्षे झाली, त्यातली एकोणीस मी मुख्याध्यापिका आहे. माझ्याकडून कोणी असा जबाब घेतलेला नाही.

तबिथाचा घसा चार दिवस धरला होता. मिठाच्या गुळण्या दिल्या, हळद घालून दूध दिले. उतरला. शाळेत जाते. भूमितीत कमी गुण आहेत, ते माझ्यावर सोपव.

एखादी तारीख थोडी पुढे गेली म्हणून कोणी मरत नाही. डॉक्टर लोकांना बोट घड्याळावर ठेवायची सवयच असते.

तुझी,
आक्का

४ मार्च १९८७

जयवंत,

तार मिळाली असेल. तारेत मावले नाही ते लिहिते.

तबिथा सोमवारपासून सरकारी दवाखान्यात आहे. आधी ताप आला, मग डावा गुडघा सुजला, मग उजवा, मग मनगट. सोमवारी सकाळी तिला पलंगावरून उठता येईना. बाथरूमपर्यंत मी उचलून नेले. चालताना दम लागतो. सांधेताप परत आला आहे. झडपेचे काय झाले ते पुढच्या आठवड्यात कळेल.

२६ डिसेंबरनंतर तिने इंजेक्शन घेतलेले नाही. १६ जानेवारीचे नाही, ६ फेब्रुवारीचे नाही, २७ फेब्रुवारीचेही नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. मी तुला खोटे लिहिले नाही, असे म्हणायला जागा ठेवून लिहिले. माझी मागची दोन पत्रे काढून बघ.

सोळा तारखेला मी तिला म्हणाले, चल, साडेचारला दवाखाना बंद होतो. ती वेणी घालत होती. म्हणाली, "मी येत नाय, आत्या."

"का?"

"मला वचन आहे. रोग जवळ येणार नाय म्हणून. आता सुई घेतली म्हणजे माझा भरवसा नाय, असंच झालं की."

"शहाणपण शिकवू नकोस. चप्पल घाल."

"तुम्ही वर्गात एक सांगता आणि घरी दुसरं?"

आरशात माझ्याकडे बघत विचारले तिने. उद्धटपणे नाही. खरेच जाणून घ्यायचे होते तिला. मी ठरवले, सोमवारी नेऊ, तोवर समजूत घालू. आणि रविवारी तिने साक्ष दिली. ती तीन मिनिटे काय बोलली ते मी तुला कळवले नाही. ती म्हणाली, "देवानं मला वचन दिलं, म्हणून मी इंजेक्शन सोडलंय आणि मला कायपण झालं नाय." सगळी मंडळी आमेन म्हणाली.

मी पहिल्या बाकावर होते. उठून एक वाक्य बोलायचे होते: पोरी, वचन तुझ्या जागी, औषध त्याच्या जागी. मी उठले नाही. पाळकसाहेबांनी माझे नाव घेतले आणि ते मला ऐकायला आवडले, म्हणून. दुसरे कारण मी गेला दीड महिना शोधते आहे. सापडलेले नाही. सोमवारी मी तिला नेले नाही. मंडळीसमोर बोललेली मुलगी दुसऱ्या दिवशी सुई घेताना दिसली असती.

डॉक्टर वहाबांनी तिची छाती ऐकली, कागद बघितले आणि मला बाहेर बोलावले. "बाई, आप तो टीचर हैं. अनपढ़ औरतें वैजापूर से बस बदलके आती हैं, तारीख नहीं चूकतीं."

मी परत आत जाऊन तिच्या पलंगाशी बसले.

आक्का

८ मार्च १९८७

जयवंत,

पंचवीसला रजा मिळेल, अशी तुझी तार आली. कंपनी पासपोर्ट सोडते तेव्हाच येता येणार, हे मला समजते. तोवर जे आहे ते मीच निभावणार.

ताप कमी आहे. सूजही उतरते आहे. पण खरा पेच तो नव्हताच. वॉर्डातली सारजाबाई सुईची तबकडी घेऊन आली की तुझी लेक ओरडायची, "मला वचन आहे, मला नको!" सारजाबाई मला म्हणाली, "आवं बाई, तुमची पोरगी लई हट्टी हाय. दोघींनी दाबली, तरी माझ्या हाताला चावली बगा." शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, इथे आम्ही धरून देऊ, पण घरी गेल्यावर? "दस साल, बाई. हर इक्कीस दिन. दस साल पकड़ के रखोगे? उसको खुद आना पड़ेगा."

आता जे लिहिते ते वाचून तू मला कायमचे सोडलेस तरी तुझ्याकडे बोट दाखवणार नाही.

ते वचन तिला आले नव्हते. मी दिले होते.

चिठ्ठ्या नऊ होत्या. मुले एकेक करून काढत गेली. तबिथाला मी मुद्दाम शेवटी बोलावले. डब्यात एकच उरली होती. डबा हलवण्याच्या निमित्ताने मी ती उचलली आणि माझ्या मुठीतली दुसरी टाकली. ती मी आदल्या दिवशी लिहून ठेवली होती. मला वाटले, राखण्याचे वचन हातात असले की ही न घाबरता सुई घेईल. तिने भिऊ नये म्हणून टाकली मी ती चिठ्ठी, दवाखान्यात जावे म्हणून! तिने त्याच चिठ्ठीवरून दवाखाना सोडला. आणि सोडणारच. देवानेच म्हटल्यावर मधे सुई कशाला? नऊ आठवडे मीच शिकवत होते की भरवसा पुरा असावा, अर्धा नको.

शुक्रवारी दुपारी तिच्या पलंगाशी बसून मी तिला हे सांगितले. न घोळवता सांगितले. ती छताकडे बघत होती.

"म्हणजे देवानं नव्हतं दिलं?"

"नाही. मी दिलं."

"मग डब्यात होती ती कुठली?"

"मी वाचली नाही. संध्याकाळी चुलीत टाकली."

शेजारच्या पलंगावरची शहजादी नावाची म्हातारी आमच्याकडे टक लावून बघत होती. मग तबिथा म्हणाली, "म्हणजे देवानं मला जे सांगितलं होतं, ते तुम्ही जाळलं."

जयवंत, माझ्यावर शाळा तपासनिसांनी ठपके ठेवले आहेत, पालकांनी शिव्या दिल्या आहेत, तू मातीच्या दिवशी बोललास. या वाक्यासारखे मला कोणी बोललेले नाही. ती रागाने बोलली नाही. हिशेब चुकलेला दिसावा तसे बोलली.

अर्ध्या तासाने सारजाबाई तबकडी घेऊन आली. तबिथाने कूस वळवली आणि सुई घेतली. हूं की चूं नाही. सारजाबाई खूश झाली. "आज कशी शानी झाली माजी बाय!" मी जिंकले असे समजू नकोस. तिची भीती गेलेली नाही. नाही म्हणायला तिच्यापाशी आता काही उरले नाही, म्हणून घेतली.

कालपासून ती माझ्याशी कामापुरते बोलते. पाणी द्या. चादर ओढा. झोपायच्या आधी डोळे मिटत नाही.

आक्का

१६ मार्च १९८७

जयवंत,

शनिवारी घरी आणले. झडपेला इजा झाली आहे. डॉक्टर म्हणतात थोडी, आणि थोडी म्हणजे किती हे वर्षभराने सांगता येईल. धावायचे नाही, दोन जिने एका दमात चढायचे नाहीत. आता एकही तारीख चुकली तर... त्यापुढचे ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही.

काल रविवार. मी वर्गाला सगळे सांगितले. आधी पाळकसाहेबांच्या घरी गेले होते. ते चहा ढवळत म्हणाले, "बाई, घरातल्या घरात मिटलं असतं. पोरांसमोर कशाला? मग वचन काढायला कोण येईल?" मी म्हणाले, कोणी न आले तरी चालेल, पण त्या आठ मुलांत एखादा उद्या याच भरवशावर औषध फेकेल, ते चालणार नाही. त्यांनी चहा प्यायला नाही.

वर्गात मी उभी राहून बोलले. पाच वाक्ये होती. मुले एकमेकांकडे बघू लागली. मग मागच्या बाकावरून तो नथानिएल, ज्याचे तोंड कधी बंद नसते, म्हणाला, "बाई, मग माझी चिठ्ठीपण तुम्हीच टाकली का? मला मुंगी आली होती. आळशी माणसानं मुंगीकडून शिकावं म्हणून."

"नाही. ती तुला आपली आपण आली."

"बघा, म्हणजे देवालापण माहीत आहे!"

सगळी हसली. मीही हसले असते, पण तबिथाची जागा रिकामी होती.

मग सुवार्ता उठली. शांत मुलगी आहे, वडील एस. टी. त आहेत. "बाई, मग देव राखतो का नाय राखत? सरळ सांगा."

अठ्ठेचाळीस साली निजामाचे राज्य गेले, त्या पोलीस ॲक्शनची गोष्ट मी दर वर्षी या वर्गात सांगते. तू तेव्हा दोन वर्षांचा होतास, तुला आठवणार नाही. करमाडच्या घरात बाबांनी दार लावून घेतले, तीन दिवस आम्ही आत प्रार्थना करत बसलो आणि आमच्या दाराला कोणी हात लावला नाही. इतकीच सांगते. यंदाही जानेवारीत इतकीच सांगितली. काल पुढची सांगितली. टोळ्या मुसलमानांची घरे शोधत फिरत होत्या. शेजारी नूरमोहम्मद चाचांच्या घरातही तीन दिवस प्रार्थनाच चालली होती. भिंतीतून ऐकू यायची. दुसऱ्या रात्री कोणीतरी आमचे दार वाजवले. बाबा उठले, दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. चौथ्या दिवशी चाचा कुठे नव्हते. त्यांची नजमुन्निसा माझ्याच वयाची, चौदा. मला बघून तिने तोंड फिरवले.

मी सुवार्ताला म्हणाले, राखतो की नाही, ते मला माहीत नाही. विश्वास आहे, माहीत नाही. आम्हाला राखले असे मी म्हणत आले, मग त्यांना का नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

ती उभीच होती. म्हणाली, "पण बाई, तेव्हा तर राखायचं काम तुमच्याकडंच आलं होतं. दार वाजवून."

मी तिला खाली बस म्हणाले. सवयीने. मग वर्ग लवकर सोडला.

बिशपसाहेबांच्या यादीतून एक नाव काढायचे होते, ते मी माझ्या हाताने काढले. तबिथा म्हणते यंदा नको. मी का, असे विचारले नाही. वर्ग पुढच्या वर्षी कोणी घ्यायचा ते मंडळी ठरवेल. पाळकसाहेबांना तसे लेखी दिले आहे.

आक्का

२० मार्च १९८७

जयवंत,

हे मस्कतला पोचेपर्यंत तू निघालेला असशील, म्हणून तुझ्या मित्राच्या, बद्रीनाथच्या, भायखळ्याच्या पत्त्यावर टाकते. तू तिथे उतरून मग इकडे येणार ना.

वॉर्डातल्या सुया रोजच्या होत्या; एकवीस दिवसांच्या इंजेक्शनची आज, शुक्रवारी, तारीख होती. घरून जाऊन घ्यायची ही पहिली. सकाळपासून मी तिला काही बोलले नाही. चार वाजता ती आपणहून चप्पल घालून दारात उभी राहिली. तोंड पांढरे. रिक्षात बोटे एकमेकांत अडकवून बसली.

दवाखान्यात बाकावर आमच्या आधी दोघे होते. ती हळूच म्हणाली, "आत्या, त्या बाईसारखं झालं तर?"

माझ्या जिभेवर सगळी उत्तरे तयार होती. तीस वर्षांची तयारी आहे. मी म्हणाले, "होऊ शकतं. फार थोड्यांना होतं. इथं डॉक्टर आहेत, त्यावरचं औषध टेबलावर काढून ठेवलेलं आहे, मी आत जाऊन बघून आले. पण मलाही भीती वाटते."

तिने वळून बघितले. "तुम्हाला?"

"हो."

"कधीपासून?"

"तू मुख्याध्यापिका नाहीस, जबाब घ्यायला."

तिला हसू आले, पंधरा दिवसांत पहिले. लगेच दाबले. मग म्हणाली, "आत चला मग. पण शास्त्र सांगू नका. नुसता हात धरा."

मी धरला. तिने इतका आवळला की अंगठीचा वळ अजून आहे. सुई झाली. त्यानंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे लागते, काही होते का बघायला. बाकावर बसलो. समोर भिंतीवर घड्याळ. मी तिचे ओठ बघत होते, श्वास मोजत होते, आणि जयवंत, मला प्रार्थना करता आली नाही. एकही शब्द नाही. वीस मिनिटे झाली असतील. तबिथाने डोळे मिटले. मला वाटले चक्कर आली, मी उठलेच. ती डोळे न उघडता म्हणाली, "बसा. मी बोलतेय." तिचे ओठ हलत होते. काय बोलली ते मी विचारले नाही, ती सांगणारही नाही. ते आता तिचे तिचे आहे, माझ्या डब्यातले नाही.

काही झाले नाही. पायी घरी आलो, सावकाश, मधे दोनदा थांबून.

तू आल्यावर तिला मस्कतला नेतो म्हणालास तर मी आड येणार नाही. तिला विचार, मला विचारू नकोस. रागावणार असशील तर माझ्यावर रागाव, आणि तिच्यासमोर रागाव, म्हणजे तिला कळेल की तिच्या बाजूने कोणी उभे आहे. मालनच्या मातीला मी बोलले ते चुकीचे होते. तुला रडू द्यायला हवे होते. हे सहा वर्षांपूर्वी लिहायचे होते.

पुढची तारीख १० एप्रिल, शुक्रवार, साडेचारच्या आत. तोवर तू इथे असशील. बाकावर तू तिच्या उजव्या बाजूला बस. डावा हात ती अजून मला देते.

आक्का